कूलंटच्या निवडीबाबत

विषय : स्वतःच्या सतरा वर्षं जुन्या गाडीत कोणतं कूलंट घालावं. संदर्भ : कोपऱ्यावरचा मेकॅनिक यादगिरी याचा तोंडी अभिप्राय आणि चिरंजीव मकरंद यांचा बंगळूरहून आलेला फोन.

चिक्कडपल्लीचे गोविंदराव सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी घरात दूध कुणाकडून घ्यायचं याचीसुद्धा फाईल होती. कूलंटची फाईल सोमवारी उघडली. यादगिरी म्हणाला, "हरा डालो साब, पुरानी गाडी को वोइच जमता." मकरंद म्हणाला, "बाबा, नारिंगी घाला. पाच वर्षं बघायला नको." (पाच वर्षं हा गोविंदरावांना स्वतःच्या बाबतीत जरा आशावादी अंदाज वाटला.) साधं पाणी फुकट, पण बोअरच्या पाण्यानं दोन गिझर खाल्ले होते. बाटल्या दोन्ही आणल्या. जुना आदेश रद्द झाल्याशिवाय नवा निघत नाही, या न्यायानं जुनं कूलंट काढून टाकलं. रेडिएटर रिकामा आणि निर्णय विचाराधीन, असे तीन दिवस गेले.

गुरुवारी सकाळी निजामाबादहून फोन आला. पत्नी सरोजताईंचे थोरले भाऊ दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले होते, भेटायचं तर आजच.

"अहो, बसनं जाऊ या. दर अर्ध्या तासाला आहे."

"घरी गाडी असताना बस? दहा मिनिटं दे."

त्या दहा मिनिटांत गोविंदरावांनी नोकरीत जन्मभर केलं तेच केलं. दोन्ही पक्षांचं मन राखलं. अर्धं हिरवं, अर्धं नारिंगी.

"चालतं ना असं मिसळलेलं?"

"कुणाची तक्रार राहणार नाही."

निजामाबादच्या वाटेवर तूप्रान गावाच्या पुढे बॉनेटमधून वाफ आली. रस्त्याकडेच्या मेकॅनिकनं इंजिन निवू दिलं, झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि बोटाला चिकटलेला, पाकात शिजवलेल्या जर्दाळूसारखा तपकिरी गोळा सरोजताईंपुढे धरला.

"अम्मा, ये कूलंट है की खुबानी का मीठा? दो किसम का कौन मिलाया?"

"मिल गया," गोविंदरावांनी कुणाचंही नाव न घेता सांगितलं.

सरोजताईंनी पर्स काखेत मारली, भर उन्हात रस्त्यावर उभं राहून हात केला आणि निजामाबादची बस थांबवली.

"थांब, मीपण येतो."

"नको. गाडीपाशी थांबा. कुणी नेईल तुमची."

त्या पोचल्या तेव्हा दादा जाऊन चाळीस मिनिटं झाली होती. सरू निघाली का, असं त्यांनी दोनदा विचारलं होतं. वहिनींनी सांगितलं होतं, हो, गाडीनं येतेय, पोचेलच आता.

तेरावा उरकून सरोजताई घरी आल्या. स्वयंपाक करतात, वेळेवर चहा देतात, बोलत नाहीत. आठवडाभरानं गोविंदरावांनी माफीचा एकपानी अर्ज लिहून (चूक मान्य, सबब एकही नाही, नोकरीत असं कधी लिहिलं नव्हतं) त्यांच्यापुढे धरला.

चष्मा न लावताच त्या म्हणाल्या, "ठेवा तिथं. घाई कसली आहे?"

त्याला सव्वा महिना झाला. अर्ज प्रलंबित आहे.