सुपडूआबांनी नीलकवचाचा काला राखला त्याची हकीकत

या, जवळ सरका, मागच्यांनी पुढे यावे, चपला कडेस ठेवाव्या, मोबाईल असतील ते गप्प करावे. पांडुरंगाचे स्मरण करोन सावद्याचे राजश्री सुपडूआबा यांणी जळगाव शहरी सिनेमागृहात मोहीम करोन जे यश संपादिले, त्याचे साद्यंत वर्तमान सांगतो. कंटाळा आला तर पाय पसरावे, पण मधून उठू नये. का, ते पुढे कळेल.

पूर्वपीठिका ऐसी जे, नीलकवच नामे एक वीर, अंगी निळे चिलखत, आकाशमार्गे संचार करणारा, त्याची कथा तीन भागांची. पैकी दोन भाग आबा व त्यांचे कुटुंब इंदिराबाई यांणी नात ऋतिकाबाई हिचे सोबतीने पाहिले, आणि इंदिराबाईंचा जीव त्या पोरावर ऐसा जडला की, एवढ्या लढाया करतो पण जेवताना कधी दिसत नाही, याचेच त्यांस दुःख. आणि मग दुसऱ्या भागाचे अखेरीस आकाशातून एक डोंगर शहरावर सुटला, नीलकवच तो झेलावयास खाली उभा राहिला, आणि सिनेमावाल्यांनी नेमकी तेथेच कथा तोडली. तेव्हापासून "त्या लेकराच्या डोक्यावर डोंगर ठिवून कुठी गेले हे मेले?" ऐसा सवाल सावद्याचे घरी वारंवार होत असे.

तिसरा भाग लागला, आणि त्याच सुमारास इंदिराबाई मोरीत घसरल्या, पाय मोडला, प्लॅस्टर जाहले, आणि बाई खाटेवर नजरकैद जाहल्या. अन्नावरची वासनाही उडाली. तेव्हां खाटेवरून फर्मान सुटले की, आबांनी जातीने जावे, पोराचे काय जाहले ते शेवटपर्यंत पाहावे आणि येऊन सांगावे. आणखी ताकीद ऐसी: "मेला असीन त मले सांगू नका. आन् खोटं त बिलकुल बोलू नका. आन् कीर्तनात घेता तशी डुलकी घेऊ नका."

आबांनी मान डोलाविली. पोर मेले तर सांगावयाचे नाही, जिते म्हणावे तर खोटे, आणि गप्प बसावे तर बाई तोंडावरून ओळखणार. ऐसा पेच भल्या भल्या मुत्सद्द्यांस पडला नसेल.

मग धुतलेले धोतर नेसोन, खिशात बुक्क्याची डबी घालोन, आबा केळी वाहावयाचे पिकअपात विराजमान जाहले आणि ऋतिकाबाईंनी सारथ्य केले. मजल दरमजल करीत दुपारचे खेळास सिनेमागृही दाखल जाहले. तेथे मगन नामे पहारेकरी बॅटरी घेऊन उभा होता, मूळचा भडगावकडील, त्याणे उजेड दाखवून खुर्च्या दाविल्या. आबांनी प्रथम त्याचे कपाळी बुक्का लाविला, मग शेजारचे कॉलेजकुमारांस लाविला, कारण तिसरा भाग म्हणजे सप्त्यातील शेवटला, काल्याचाच दिवस, ऐसे आबांचे मत. कुमारांनी त्याच कपाळांनिशी सेल्फी काढिली.

मग पडद्यावर जे रण माजले ते काय वर्णावे! इमारती पत्त्यांसारख्या कोसळल्या, आगीचे लोळ उठले, आणि नीलकवचाने डोंगर खांद्यावर तोलिला, शहर वाचविले, आणि आपण डोंगराखाली दिसेनासा जाहला. त्याची आई ढिगाऱ्याशी आली, निळे शिरस्त्राण तेवढे तिचे हाती लागले, आणि पडदा काळा पडला. आबांचे डोळ्यांस धार लागली. आता सावद्यास कोणते तोंड घेऊन जावे?

इतक्यात काळ्या पडद्यावर नावे सरकू लागली आणि तमाम फौज उठली. बत्त्या लागल्या, दारे उघडली, झाडूवाले आत शिरले. परंतु आबा हात जोडोन जागचे हलेनात.

"आबा, चला ना, संपला पिक्चर," ऋतिकाबाईंनी अर्ज केला. "शेवटचा भाग आहे, आता पुढे काही नसतं."

"गप बस. अन्नदात्यायची नावं चालू शे. काल्याच्या दिवशी नावं वाचू र्‍हायले आन् मधून उठतं का कोनी? नावं झाल्यावर प्रसाद र्‍हायतो."

"अहो, ती इंग्रजीत आहेत!"

"मंग? इंग्रजीतल्या लोकायनं शिधा देऊ नही का?"

मगन बॅटरी हलवीत आला की, पुढला खेळ लागावयाचा, उठावे. आबांनी त्यासच पुसिले, "तुह्या गावी सप्ता बसतो का रे भाऊ?"

"बसस ना आबा."

"काल्याले नावं चालू असता मांडव सोडते का कोनी?"

मगनने बुक्का लाविल्या कपाळास हात लाविला. "नही आबा. कोनीच ऊठत नही," ऐसे बोलोन त्याणे झाडूवाल्यांस थोपविले, बत्त्या मालविल्या, दारे लोटिली, आणि आबांचे शेजारी खुर्चीत बसला. तेव्हां किल्लेदार बन्सीलाल व्यवस्थापक संतापोन चालून आले, "मगन! मशीन बंद करायला सांग!" ऐसी गर्जना केली. मगनने बसल्या जागेवरून जबाब दिला, "साहेब, कथा चालू शे." आयुष्यात त्याणे साहेबास ऐसा जबाब दिल्हा नव्हता. बन्सीलाल दुसरी गर्जना करणार, तोच नावे सरली.

पडदा उजळला. ढिगाऱ्यातून एक खडा घरंगळला, मग दुसरा, मग निळा हात वर आला, आणि धुळीने माखलेला नीलकवच उठून बसला व पहिले वाक्य बोलिला की, आई, भूक लागली.

आबांनी ऐसा जयघोष केला की बाहेर गेलेले कॉलेजकुमार धावत परत आले, आणि बन्सीलाल तोंड उघडे ठेवून तेथेच पायरीवर बसले.

दिवस मावळावयाचे आत आबा घरी पोहोचले. इंदिराबाईंनी तोंड निरखिले. "बोला."

"उठला. उठल्या उठल्या मायले जेवाले मागितलं."

"काय वाढलं तिनं?"

"ते नही दाखवलं."

"तेच त पाहाचं होतं! जाऊ द्या. ऋतिका, मले वाढ वं. भाकर वाढ, दोन घास जास्त."

येणेप्रमाणे सुपडूआबा यांची फत्ते जाहली. कोणाचे रक्त सांडले नाही, सांडले ते पॉपकॉर्न, तेही कुमारांचे. हे यश दप्तरी कायम करावे.

आणि श्रोतेहो, उठण्याआधी एक विनंती. सिनेमाचे दारी जन्मभर उभा राहोन ज्याणे दुसऱ्यांस खुर्च्या दाविल्या आणि त्या दिवशी प्रथमच आपण एका खुर्चीत बसला, त्या मगनची याद असू द्यावी. कोठे अंधारात बॅटरीवाला भेटला, तर त्यास राम राम घालावा.