सपाट जोड्यांची शिस्त

हात मोकळा राहिला की कुणालाही अवघडल्यासारखं होतं, मग तो माणूस असो की सिलिकॉनचा अणू. स्फटिकाच्या आतल्या अणूचे चारही हात शेजाऱ्यांनी धरलेले असतात. पृष्ठभागावरच्यांचे दोन हात मात्र हवेत लोंबकळतात. म्हणून ते बाजूच्याला धरून जोडी करतात. ही जोडी सपाट राहते की एकीकडे कलते, हे संगणकावर शोधणं हे आमच्या प्रयोगशाळेचं काम.

सपाट राहते. सरांनी तरुणपणीच सिद्ध केलंय.

पद्धत सोपी आहे. सरांची सपाट जोड्यांची फाइल घ्यायची आणि गणित सुरू करायचं. डावीकडची ओढ उजवीकडच्या ओढीइतकीच, त्यामुळे अणू हलत नाहीत. न हललेला अणू समाधानी समजावा, असा नियम आहे. (तो कर्मचाऱ्यांनाही लागू आहे.) आजवरच्या प्रबंधांचं सरांशी शंभर टक्के एकमत आहे. एकात ते एकशे एक टक्के आहे, पण ती छपाईची चूक.

ताई आमच्यातली सर्वांत जुनी विद्यार्थिनी. प्रबंध द्यायच्या आठवड्यात तिच्याकडची सरांची फाइल उघडेना. तिने अणूंच्या जागांचे सगळे आकडे हाताने भरले आणि एका अणूचा शेवटचा आकडा चुकला.

"सर, जोड्या कलल्या."

"ढकललंस?"

"केसाच्या कोटीव्या भागाइतकं. चुकून."

"ढकलल्यावर कुणीही पडेल!"

"पण पडून सुखात आहेत, सर. ऊर्जा उतरलीय. परत उठायलाच तयार नाहीत."

"आळशी आहेत."

सर न्यायी आहेत. त्यांनी बैठक बोलावली. एकाने जरी पाठिंबा दिला तरी प्रबंध पुढे जाईल, नाहीतर ताईने आणखी वर्षभर बसून जोड्या सपाट कराव्यात. आम्ही प्रत्येकाने तेच गणित गुपचूप करून पाहिलं होतं. प्रत्येकाचं कललं होतं. आम्ही डावीकडच्याकडे पाहिलं, उजवीकडच्याकडे पाहिलं. ओढ दोन्हीकडून सारखीच. एकही हात वर आला नाही.

"बघ, सगळे समाधानी आहेत," सर म्हणाले.

"त्यांना अजून कुणी ढकललेलं नाही, सर," ताई म्हणाली.

प्रबंध टेबलावर तसाच आहे. बाहेरच्याचा पाठिंबाही नियमात बसतो. वाचकहो, तुम्ही मनातून ताईकडे केव्हाच कललात, दिसतंय आम्हाला. पण खुर्चीत अजून सरळच बसला आहात. तेव्हा आमच्या पद्धतीप्रमाणे तुमची नोंद सपाटांत केली आहे.