पुंजाजीभाऊंचा ओटा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मलकापुरात नदीकाठच्या एका फ्लॅटमध्ये मी दोन वर्षं बायको-मुलीच्या नावावर राहिलो, आणि त्या दोघी येणार नाहीत हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

घरमालक पुंजाजीभाऊंना ते ठाऊक नव्हतं. मी घर बघायला गेलो तेव्हा या गृहस्थानं माझी नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, ॲडव्हान्सचं नाव काढलं नाही. मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "बाईची उंची किती?"

"कुठल्या बाईची?"

"तुमच्या. फॅमिली हाय ना? फॅमिलीशिवाय मी देत नाई."

"पाच फूट," मी म्हणालो. "दिवाळीनंतर येईल." उंची खरी होती, दिवाळी खोटी होती. दोन्ही एका दमात बोलून गेलो.

पुंजाजीभाऊंनी खिशातून खडू काढला, स्वैपाकाच्या ओट्यापाशी भिंतीवर एक रेघ मारली आणि जिन्यातून खाली हाक दिली, "गफूर, हातोडा घेऊन ये बे. चार इंच पाडाचा हाय."

गफूर मिस्त्री वर आला आणि रेघ बघून कपाळाला हात लावला. "भाऊ, मागच्या साली तं तुमीच उचलाले लावला होता."

"मागची बाई उंच होती."

"एक दिवस तुमचा ओटा मले खाऊन टाकीन."

संध्याकाळपर्यंत ओटा चार इंच खाली आला. मी पावणेसहा फूट. पुढची दोन वर्षं मी कमरेत वाकून चहा केला.

माझी नोकरी नांदुऱ्याला. तिथंच घर घेता आलं असतं, पण तिथं माझी आत्या आहे, दोन मावसभाऊ आहेत, आणि "सूनबाई काऊन नाई आली?" हे विचारणारी अख्खी गल्ली आहे. म्हणून मलकापुरात राहून रोज रेल्वेनं जायचं-यायचं ठरवलं. त्या इमारतीत सगळेच अपडाऊनवाले होते. कुणी भुसावळला जायचं, कुणी बुलढाण्याला, एक मास्तरीण मोताळ्याला.

भाऊ रेल्वेतून पॉइंटमन म्हणून, रूळ बदलत आणि गाड्यांना झेंडी दाखवत, रिटायर झालेले. नोकरी सुटली, पण गाड्या सोडायची सवय सुटली नव्हती. सकाळी सहापासून ते फाटकात उभे असत, खांद्यावर हिरवा पंचा. एकेक भाडेकरू जिना उतरला की त्याच्याकडं पाहून पंचा हलवायचे. म्हणजे तुम्ही सुटलात. कुणाच्या हातात डबा दिसला नाही, तर लाल प्लास्टिकची बादली उंच धरायचे. मग तुम्ही काहीही म्हणा, डबा घेऊन येईपर्यंत फाटक उघडत नसे. मास्तरीणबाईंची बस त्यापायी दोनदा चुकली. "बस दुसरी भेटन, मास्तरीणबाई," भाऊ म्हणाले, "भूक दुसरी नाई भेटत." याचा अर्थ आम्हाला कुणालाच लागला नाही, पण त्या दिवसापासून बाई डबा विसरल्या नाहीत.

इमारतीचं नाव सागरदर्शन. गॅलरीतून नळगंगेचं पात्र दिसायचं. पात्रच म्हणायचं, कारण आठ महिने त्यात शेळ्या असत, पोरांचं क्रिकेट असे, आणि उन्हाळ्यात कुणाच्या तरी मिरच्या वाळत असत. तरी नदीकडच्या फ्लॅटांना भाडं जास्त. मी एकदा धीर करून म्हणालो, "भाऊ, पाणी कुठाय?"

"मी पान्याचे कुठं घेऊन राह्यलो? नदीचे घेतो. पानी येते-जाते. नदी तं तिथंच हाय ना?"

"पण मग सागर?"

"ते गाडीच्या पाटीवानी हाय, साहेब. पाटीवर शेवटच्या स्टेशनाचं नाव राह्यते. मधात कुठंई थांबो."

उशीर झालेल्या प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडं एकच शब्द होता: आउटरवर. स्टेशनाबाहेर सिग्नलची वाट बघत उभी असलेली गाडी. पगार आउटरवर. गॅसची टाकी आउटरवर. नदी तर कायमचीच आउटरवर. आणि दिवाळी उलटून गेल्यावर जिन्यात मला गाठून ते विचारू लागले, "साहेब, फॅमिली काऊन आउटरवर उभी हाय?"

मी सिग्नल देत गेलो. मुलीची परीक्षा आहे. सासूबाई आजारी आहेत. मुलीला कांजण्या आल्यात. कांजण्यांचं सांगितलं त्याच दिवशी माझ्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलेला दिसला. मुलगी अकोल्याला, डहाळा मलकापुरात. "असू द्या," भाऊ म्हणाले, "लिंबाले गाव समजत नाई."

मुलगी नऊ वर्षांची आहे म्हटल्यावर त्यांनी गॅलरीच्या गजांची तपासणी काढली. पोरीचं डोकं अडकायला नको. तपासायचं कसं, तर घरातला पितळी तांब्या आणून गजांच्या प्रत्येक फटीतून घालून पाहिला. तिसऱ्या फटीतून तो आरपार गेला आणि खाली पात्रात एका शेळीशेजारी पडला. शेळीवाल्यानं तो आणून दिला, वर दोन शब्दही सुनावले. दुसऱ्या दिवशी गफूरनं मधे एकेक गज वाढवला. गॅलरी पिंजऱ्यासारखी दिसू लागली, आणि त्या पिंजऱ्यात मी एकटा.

आता मला हे हसत सांगता येतं. तेव्हा रात्रंदिवस टोचायचं, त्याचं कारणही सांगतो. संग्रामपूरच्या आमच्या घरातला ओटा माझ्या आईच्या उंचीचा. आई उंच. बायको लग्न होऊन आली तेव्हापासून खांदे वर करून पोळ्या लाटायची. "ओटा थोडा खाली करून घेऊ या का?" असं तिनं मला दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा "पाहू" म्हणालो. आई तिला उंचीवरून बोलायची, रंगावरून बोलायची, माहेरावरून बोलायची. मी पेपर वाचत असायचो. अकरा वर्षं मी फार पेपर वाचले. मग एक दिवस ती मुलीला घेऊन अकोल्याला माहेरी निघून गेली. ओट्यावरून कुणी घर सोडत नाही. पण ज्या बाईसाठी मी अकरा वर्षांत एक वीट हलवली नाही, तिच्यासाठी एका परक्या माणसानं तिला न बघता अर्ध्या दिवसात ओटा पाडला, आणि त्यावर वाकून मला रोज चहा करावा लागे.

दुसऱ्या वर्षी धरणाचे दरवाजे उघडले आणि नदीला खरंच पाणी आलं. भाऊंनी सगळ्यांची दारं ठोकली. "आली, आली. राइट टाइम." प्रत्येक गॅलरीत माणसं जमली. भाऊ माझ्या गॅलरीत आले आणि म्हणाले, "पोरीले फोन लावा. पान्याचा आवाज आयकवा तिले."

मी फोन काढला. कुणालाही लावला नाही. बंद फोन गजांतून बाहेर धरला, मग कानाला लावून म्हणालो, "ऐकलंस का बाळा? नदी आहे ती."

भाऊंचा चेहरा एवढा फुलला की मी घाबरलो. "द्या इकडं, मी बी बोलतो."

"रेंज गेली," मी म्हणालो.

सुरुवातीला मी जे कबूल केलं त्यातला सगळ्यात जड तुकडा हा. त्या दिवशी मी खरा फोन लावू शकलो असतो. नंबर पाठ होता.

पुढं माझी बदली संग्रामपूरला, म्हणजे घरीच झाली; भाऊंना मी फक्त बदली झाली एवढंच सांगितलं. किल्ली द्यायला तळमजल्यावर गेलो. दोन वर्षांत त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. नेहमी तेच वर येत. "च्या घेऊन जा," म्हणत भाऊ स्वैपाकघरात वळले आणि मी दारातच थांबलो. त्यांचा ओटा माझ्या ओट्याहूनही चार बोटं खाली होता. उंचेपुरे भाऊ त्यावर जवळजवळ दुमडले होते. अगदी मी दुमडायचो तसे.

"भाऊ, हा एवढा खाली?"

"आमची बाई चार फूट नऊ," दुधाकडं बघत ते म्हणाले. "रेल्वेच्या क्वार्टरात तीस वर्षं पाटावर उभी राहून सैपाक केला तिनं. पाट सरकला का पोळीसंगं ते बी खाली. मी हासत जाओ. घर बांधलं तं पह्यले हा ओटा बांधला. तेवढ्यात पोराकडं पुन्याले नातू झाला. तीन महिन्यांसाठी गेली. नातू आता आठवीत हाय."

"येतात ना मधून मधून?"

"येईन ना. आउटरवर उभी हाय."

एरवी हा शब्द ते हसत म्हणायचे.

"मग ओटा उचलून का घेत नाही? गफूर तर रोजचाच."

"उचलला, आन् ते आली तं?"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. जिभेवर होतं. पण भाऊंनी कप हातात दिला आणि म्हणाले, "नव्या घरवाल्याले उंची सांगजा. पाच फूट. लाजू नका." मी "सांगतो" म्हणालो. मी फाटकाबाहेर पडलो तेव्हा मागं हिरवा पंचा हलत होता.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मागून विटा उतरवल्याचे आवाज येत होते. "साहेब, नवीन बाई पाच फूट चारची हाय. गफूर ओटा उचलाले आला. पन मनलं, आधी तुमाले इचारावं. तुमची बदली वापस इकडं झाली, फॅमिली आली, तं मंग? तुमी म्हनान तं राहू देतो."



"उचला, भाऊ," मी म्हणालो.

 भाऊ हळू आवाजात म्हणाले, "बरं," आणि फोन चालूच ठेवून, "गफूर, घे बे."

दोन वर्षांत मी त्यांना एवढा एकच शब्द खरा दिला. पूर्ण हकिगत मी अजून त्यांना देणं लागतो. आणि त्याआधी अकोल्याला जाऊन एका पाच फूट उंचीच्या बाईची माफी मागायची आहे. ती मी अजून मागितलेली नाही.