सगुणेच्या जागी

आमचे शेजारी नामदेवकाका बायकोशी मांजरामार्फत बोलायचे.

हे मी गमतीनं सांगत नाही. बदली होऊन मी अड्याळच्या शाळेत आलो आणि त्यांच्या घराचा अर्धा भाग भाड्यानं घेतला, त्याच दिवशी दुपारी मी हे ऐकलं. काका ओसरीवर जेवत होते. काकू दारातच बसलेल्या. मधे एक करडी मांजर.

"सगुणे, तुह्या मायले सांग, वरणात मीठ नाई."

"सगुणे, त्यायले सांग, मीठ डाक्तरनं बंद केलं."

"तिले सांग, डाक्तर मेला तरी मी जेवतोच हाये."

सगुणा एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे, आणि मग पंजा चाटायला लागायची. दोघांनाही निरोप पोचलेला असायचा.

या अबोल्याचं कारण मी दोघांकडूनही ऐकलंय आणि दोन्ही कारणं वेगळी आहेत. काकांचं म्हणणं, लेकीच्या लग्नात काकू सगळ्या व्याह्यांसमोर म्हणाल्या, "यायले काय समजते." काकूंचं म्हणणं, त्या तसं म्हणाल्याच नाहीत, त्या म्हणाल्या होत्या, "यायले काही समजत नाई." एवढा फरक त्यांना पुरेसा वाटतो. काही का असेना, काकांनी त्या मांडवातच जाहीर केलं की आजपासून आपलं बोलणं बंद. लेक सासरी गेली, तिनं पाळलेली मांजर मागे राहिली, आणि घराचा कारभार मांजरीवर आला.

नामदेवकाकांचं एक पेटंट वाक्य आहे: "मी त काही म्हणत नाई." हे वाक्य आलं की आपण खुर्ची ओढून बसावं, कारण पुढे निदान अर्धा तास ते म्हणणार असतात. धानाच्या भावाबद्दल, एसटीच्या वेळेबद्दल, माझ्या गाडीच्या सायलेन्सरबद्दल, माझ्या शिकवण्याबद्दल. "मी त काही म्हणत नाई सर, पण आमच्या वेळचे मास्तर वर्गात बसत नव्हते." जगात सगळ्यांशी हा माणूस बोलतो. फक्त एका बाईशी नाही.

मग सगुणा आजारी पडली. जेवण सोडलं आणि नुसती पाण्याच्या वाटीशी बसून राहू लागली. भंडाऱ्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, किडनी गेली, वयही झालंय. काकू तिला चमच्यानं पेज पाजायच्या. काका शेजारी बसून चुका काढायचे, पण आवाज खाली आला होता. "सगुणे, तिले सांग, हळू पाज, ठसका लागन." "सगुणे, त्यायले सांग, मले समजते." आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तसं दोघं बोलायचे.

शेवटच्या दिवशी काका तिला थैलीत घेऊन एसटीनं भंडाऱ्याला गेले. काकूंचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत, म्हणून त्या घरीच थांबल्या. सायंकाळी काका आले तेव्हा थैली रिकामी होती आणि हातांना माती लागली होती. ते माझ्या दारात उभे राहिले.

"सर, तुमच्या काकूले सांगून देजा. गेली म्हणा."

काकू अंगणातच वाळलेले कपडे काढत होत्या. त्यांनी ऐकलं होतं. तरी मी वळून म्हणालो, "काकू, गेली." त्यांनी मान हलवली, कपडे छातीशी धरले आणि आत गेल्या.

सगुणेची नोकरी दुसऱ्या दिवसापासून मला लागली.

तोंडाला साबण फासून मी दाढी करतोय, आणि अंगणातून हाक येतेय: "सर, तुमच्या काकूले इचारा, माही बंडी कोठी हाये?" काकू त्यांच्यापासून हातभर अंतरावर तांदूळ निवडतायत. त्या मला सांगणार, "सर, सांगा त्यायले, दोरीवर हाये." मी साबणासकट बाहेर येऊन सांगणार, "काका, दोरीवर आहे." आणि काका माझ्यावरच खेकसणार, "आयकलं मी. भैरा नाई."

शाळेत मुलांची हजेरी घेताना माझ्या तोंडून एकदा निघालं, "त्याला सांगा, हजर म्हण." रविवारी मी घरात लपून बसायला लागलो. माझी बायको हुशार. काकांनी घसा खाकरला की ती दार लावून घ्यायची. मी काकांना सुचवलं, तुम्ही फोनवर मेसेज लिहा एकमेकांना. काका म्हणाले, "मेसेज केला म्हंजे बोलणंच झालं न जी." लग्न होऊन पुण्याला गेलेल्या लेकीनं तर निरोप नेणार नाही असं स्वच्छ सांगून टाकलं होतं. तिला लांब राहण्याची सोय होती.

शेवटी मी नवीन मांजर आणायचं ठरवलं. भूतदया वगैरे काही नव्हती. मला माझी सकाळ परत हवी होती.

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये माझा मावसभाऊ राहतो. त्याच्या जिन्याखाली पिल्लं झाली होती. त्यातलं एक पिवळं पिल्लू खोक्यात घालून मी गाडीवरून आणलं. रस्ताभर ते असं ओरडत होतं की लोक वळून माझ्याकडे संशयानं बघत होते.

काकांनी खोक्यात डोकावून पाहिलं. "मी त काही म्हणत नाई सर. पण याचे कान पाहा. सगुणेचे कान असे होते का? आन हा बोका हाये. बोक्याले निरोप समजत नाई."

काकू म्हणाल्या, "वापस नेऊन द्या, सर. आता नाई लावाचा कोणाले जीव." असं म्हणत त्यांनी दूध तापत ठेवलं.

पिल्लू खोक्यातून उडी मारून निघालं ते थेट धानाच्या ढोलीमागे. धान भरून ठेवायची बांबूची ती ढोली पुरुषभर उंच, भिंतीला टेकलेली. पिल्लू मागच्या सांदीत जाऊन बसलं आणि येईचना. काका टॉर्च घेऊन जमिनीवर पालथे पडले. मी हात घातला तर मनगटापर्यंत ओरबाडून घेतलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी दूधभाताची वाटी सांदीच्या तोंडाशी ठेवली आणि सगळ्यांना तिथून हाकलून दिलं. दुपारी पिल्लू चुलीजवळ पोट वर करून झोपलेलं होतं.

मी सुटलो असं मला वाटलं. काकांनी लगेच कारभार सुरू केला. "ए, तिले सांग, चहा..." तोवर पिल्लू पडद्यावर चढलेलं. "ए, इकडं पाय, तिले सांग..." पिल्लानं अंगठा चावला. बोलणं पूर्ण होईपर्यंत ते एका जागी थांबायचंच नाही. काकांची वाक्यं घरभर अर्धवट पडून राहायला लागली आणि उरलेली अर्धी पुन्हा माझ्याकडे यायला लागली.

एका रविवारी दुपारी त्यांनी मला ओसरीवर बोलावलं. "सर, तुमचं मांजर कामाचं नाई."

माझा संयम संपला. "काका, ते कामावर ठेवलेलं नाही. मीही नाही. काकू आत बसल्यात. जे काय असेल ते स्वतः जाऊन सांगा."

मला वाटलं, आता "मी त काही म्हणत नाई" येणार. ते आलं नाही. काका खाली बघत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "सगुणा गेली त्या दिवशी तुमची काकू आत जाऊन रडली. मले आयकू येत होतं. मले म्हणाचं होतं, रडू नोको. पण सांगू कोणाजवळ? जी निरोप सांगे तिलेच मी पुरून आलो होतो." त्यांनी मान वर केली. "सर, तुम्ही सांगता का आता?"

"नाही काका," मी म्हणालो. "हा निरोप मी नेणार नाही."

काका उठले, धोतर सारखं केलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत काकू लाखोरीची पालेभाजी निवडत होत्या. मला ओसरीवरून दोघं दिसत होते.

"यमुना," काका म्हणाले.

त्यांच्या तोंडून हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. काकूंचे हात थांबले, पण त्यांनी वर पाहिलं नाही.

"तिले तरास नाई झाला. डाक्तरनं सुई द्याच्या आधीच गेली. माह्या मांडीवर होती."

काकूंनी विचारलं, "डोळे मिटले होते का जी?"

"मिटले होते."

"कोठी ठेवलं तिले?"

"आपल्या धानाच्या बांधीत. धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाखाली. कुत्रं उकरन म्हणून वरतं गोटा ठेवला मोठा."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "मी रोज इचार करो," त्या म्हणाल्या, "का कोठी टाकून देल्ली असन. इतके दिवस काहून नाई सांगितलं?"

काका भिंतीला धरून हळूहळू खाली बसले आणि काहीतरी करायचं म्हणून समोरच्या ढिगातली भाजी निवडायला लागले. काकू त्यांच्या हातातली काडी काढून घेत म्हणाल्या, "निबर देठ नोका घेऊ. कवळं कवळं तेवढं घ्या."

"बरं," काका म्हणाले, आणि पुढची काडी उजेडाकडे धरून नीट पाहून घेतली.