पान एक्केचाळीसची नाजूक गोष्ट

"सरांना त्यांची चूक अशी सांगेन, की त्यांना वाटावं, ती आपल्यालाच सापडली!" दशांशताईने मावशीसमोर छातीठोकपणे जाहीर केलं. किती वाजले विचारलं तर सेकंदांसकट सांगते, म्हणून मैत्रिणींनी तिला हे नाव ठेवलं होतं.

चूक होती सरांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या प्रयोगवहीत, पान एक्केचाळीसवर. 'भट्टीतून काढलेली मूस गरम असतानाच तोलावी, म्हणजे ती ओलावा शोषणार नाही.' ताईने ही पदार्थ तापवायची वाटी तीनदा तोलून पाहिली होती. गरम मुशीभोवतीची हवा वर चढते, पारड्यालाही उचलते आणि वजन कमी भरतं! मूस कोरड्या बंद भांड्यात निववून तोलायला हवी. पण संशोधनाच्या जागेसाठी शिफारसपत्र याच सरांचं हवं होतं, तेही सोमवारपर्यंत. म्हणजे ज्या फांदीवर बसायचं, तिलाच कुऱ्हाड दाखवायची!

मावशी शिवणकाम करायची. दातांतली टाचणी काढत म्हणाली, "गिऱ्हाईक जाडं झालं, तर मी तसं म्हणते का गं? मी म्हणते, बाई, माझंच माप चुकलं. दोष आपल्या पदरात घ्यायचा. काम फत्ते!"

ताईने दोष पदरात घेतला. पदर फाटेपर्यंत घेतला! सात परिच्छेदांचा मेल लिहिला. 'आपली प्रयोगवही हा आमचा दीपस्तंभ... माझ्याच मंद बुद्धीला पान एक्केचाळीस पेललेलं नाही...'

सरांचं उत्तर आलं, "प्रांजळपणा आवडला. शनिवारी मागे पडलेल्या मुलांच्या वर्गाला ये. पाया पक्का झाला की पत्राचं बघू."

ताईने लगेच दुसरा मेल पाठवला, नऊ परिच्छेदांचा, आणखी नम्र.

"घाबरू नकोस," सरांनी धीर दिला. "वजनकाट्याची आकृती काढून आण. भागांना नावं दे."

शनिवारी वर्गात चौघं होती. दोन दांडीबहाद्दर, एक झोपाळू आणि परीक्षेत पहिली येणारी ताई!

"ही खास तुझ्यासाठी," म्हणत सरांनी चिमट्याने गरम मूस काट्यावर ठेवली. "वाच आकडा."

"चोवीस पूर्णांक तीन एक एक आठ."

"झालं! यात न कळण्यासारखं काय आहे?"

"सर, आता तीन एक दोन सहा आहे."

"अं?"

"आता तीन एक चार शून्य."

झोपाळूही जागा झाला. सरांनी चष्मा पुसला. काट्याला टिचकी मारली. प्रमाणित वजन ठेवून पाहिलं, काटा अगदी बरोबर! मग मूस बंद भांड्यात पूर्ण निववली आणि पुन्हा तोलली. आकडा आणखी वर जाऊन थांबला, तो हललाच नाही.

"तुला हेच म्हणायचं होतं?"

"हो, सर."

"मग म्हणाली का नाहीस?"

"म्हटलं होतं, सर. दुसऱ्या मेलच्या सहाव्या परिच्छेदात. कंसात."

सर इतके हसले, की काट्यावरचा आकडा थरथरला! सगळ्यांसमोर त्यांनी पान एक्केचाळीसवर काट मारली. "एकोणीस वर्षं हे शिकवतोय. कुणी सांगितलं नाही गं. आभारी आहे तुझा."

आपली चूक इतक्या उघडपणे खोडणारा माणूस आपल्याला शिकवायला मिळाला, याचं वजन ताईला कुठल्याच काट्यावर मांडता आलं नसतं. शिफारसपत्र सरांनी तिथेच, उभ्याउभ्या लिहिलं.

"आता एक काम कर," पत्र देत सर म्हणाले. "जुन्या सगळ्या विद्यार्थ्यांना माझ्या नावे ही दुरुस्ती कळव."

ताई आता शहाणी झाली होती. तिने एका दमात लिहिलं, 'पान एक्केचाळीस चूक आहे. मूस निववून तोला.'

सरांनी ते दोनदा वाचलं आणि घसा खाकरला.

"छान आहे. फक्त... ते जरा कंसात घालता येईल का?"