तात्यांनी खोपीत ऊन नेले

एका जंगलात, मुलांनो, एक साळिंदर राहत असे. ते शिकलेले होते, त्यामुळे त्याच्या हातून साधी कामे होत नसत. सगळे त्याला तात्या म्हणत. आपणही तसेच म्हणू. शिकलेल्यांना अरेतुरे केलेले आवडत नाही.

तात्यांच्या घरामागे एक खोपी होती. कुडाच्या भिंती, एक दार, काचेची एक खिडकी. ती शेवंताकाकूंची खोपी. शेवंताकाकू म्हणजे तात्यांची बायको. साऱ्या जंगलाचे बियाणे काकूंकडे असे. घोसाळी, पडवळ, दुधी, वाल. दरवर्षी पळस फुलला की काकू सगळ्या पुरचुंड्या अंगणात आणत. बियांना आठ दिवस ऊन दाखवत, राख चोळत, पुन्हा बांधून ठेवत. पेरणीआधी ज्याचे त्याला नेऊन देत.

गेल्या हिवाळ्यात काकू वारल्या.

यंदाही पळस फुलला. त्याला कुणी कळवले नव्हते.

शेजारची घोरपड, सुंदराबाई, कुंपणापाशी आली.

"तात्या, बियांना ऊन दाखवायला हवं. नाहीतर कीड पडेल. मग पेरायचं काय?"

"दाखवायचं आहे ना," तात्या म्हणाले.

"मग उघडा दार. मी हात लावते."

तात्यांनी खोपीच्या दाराकडे पाहिले. दाराला कुलूप नव्हते, नुसती कडी होती. हिवाळ्यापासून ती कुणी काढली नव्हती.

"आत अंधार आहे," तात्या म्हणाले. "आधी दिव्याची सोय करतो."

मुलांनो, आत अंधार नव्हता. खिडकी पूर्वेला होती आणि सकाळी आत भरपूर ऊन येई. पण शिकलेला प्राणी खोटे बोलत नाही. तो योजना आखतो.

तात्यांनी योजना आखली. जंगलाच्या कडेला माणसांनी सौर पॅनेलचे भंगार टाकले होते. त्यात निळ्या चकत्या होत्या, पापडासारख्या पातळ. एक चकती उन्हात ठेवली की अर्धा व्होल्ट देते, असे तात्यांनी वाचले होते. अशा छत्तीस चकत्या एकापुढे एक जोडल्या की दिवा लागतो. तात्यांना हे फार आवडले. छत्तीस चकत्या जोडायच्या म्हणजे बरेच दिवस जाणार होते.

बाभळीच्या निखाऱ्यावर सळई तापवून ते कथिलाने चकतीला तार डाखू लागले. डाख छान बसे. मग कसा बसला आहे ते बघायला तात्या मागे वळत, आणि पाठीचे काटे शेजारच्या चकतीला लागत. ती फुटे. हा आवाज कसला, म्हणून ते पुन्हा वळत. दुसरी फुटे. पहिल्या आठवड्यात तात्यांनी पाच चकत्या जोडल्या आणि एकोणीस फोडल्या.

बाबुराव मुंगूस रोज बघायला येई. तो कशालाच हात लावत नसे, पण त्याला सगळे विचारायचे असे.

"तात्या, बॅटरी कुठाय?"

"बॅटरी नाही."

"म्हणजे ऊन असेल तेव्हाच दिवा लागणार?"

"हो."

"आणि रात्री?"

"रात्री बिया कोण बघतं?"

बाबुरावाने थोडा विचार केला. "म्हणजे दिवा दिवसा लावायचा."

"तुला तांत्रिक बाजू कळायची नाही, बाबुराव."

"ते खरंय," बाबुराव म्हणाला आणि जांभई देऊन घरी गेला.

सुंदराबाईही येऊन जाई. ती चकत्यांकडे बघत नसे, खोपीकडे बघे.

"तात्या, पळस झडला."

"अकरा चकत्या झाल्या."

"आत भुंगेरे लागले असतील."

"म्हणूनच घाई करतोय," तात्या म्हणाले आणि सळई पुन्हा निखाऱ्यात घातली.

छत्तीस चकत्या जोडून झाल्या तेव्हा वर बसवायला काच हवी होती. जंगलात काच एकाच ठिकाणी होती, खोपीच्या खिडकीला. तात्यांनी बाहेरूनच ती काढली. काढताना तोंड दुसरीकडे ठेवले. खिडकीच्या जागी फळी ठोकली. आता आत खरोखरच अंधार झाला. तात्यांना हायसे वाटले. आपण सुंदराबाईंना चुकीचे सांगितले नव्हते.

पॅनेल अंगणाच्या मधोमध ठेवले, मागच्या बाजूला दोन दगड देऊन तिरके केले. दिवसभर ऊन त्याच एका जागी असे. पूर्वी तिथे काकूंची चटई असायची. भिंतीला भोक पाडून तात्यांनी तार बाहेरून आत सरकवली. दिवा मात्र बाहेरून आत लावता येईना. शास्त्रात यावर काही उपाय नव्हता. तात्यांनी चार दिवस शोधला.

पाचव्या दिवशी सकाळी सुंदराबाई आली. तिच्या मागे बाबुराव होता, दोन ससे होते आणि एक म्हातारी खार होती. सगळ्यांच्या हातात रिकाम्या पिशव्या होत्या. पेरणी तोंडावर आली होती.

"दिवा झाला ना?" सुंदराबाईने विचारले.

"टांगायचा राहिलाय."

"मग टांगा."

तात्या तिथेच उभे राहिले. सुंदराबाईने त्यांच्याकडे पाहिले. मग ती पिशवीची घडी घालत म्हणाली, "मी टांगू का?"

"नको," तात्या म्हणाले.

त्यांनी कडी काढली.

दिवा आढ्याला टांगला आणि तार जोडली. दिवा लागला. बाहेर बाबुरावाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणारा तो एकटाच होता, तेव्हा थांबला.

पहिल्यांदा खुंटीवर काकूंची चुंबळ दिसली. मग पुरचुंड्या. निम्म्याहून अधिक पुरचुंड्यांखाली पीठ सांडले होते. भुंगेऱ्यांनी आपले काम वेळेवर केले होते. पडवळाच्या बियांची नुसती टरफले उरली होती. दुधी बरा होता. घोसाळी वाचली होती.

प्रत्येक पुरचुंडीला चिठ्ठी होती. घोसाळी, सुंदराबाई. दुधी, खारआजी. शेवटची पुरचुंडी वालाची होती. हे वाल तात्यांनी एका प्रदर्शनातून आणले होते, सुधारित जातीचे. या वालांवर ते दरवर्षी जेवताना दोन शब्द बोलत. चिठ्ठीवर लिहिले होते: 'वाल. रुजत नाहीत. ह्यांनी आणलेत, ऊन दाखवून ठेवणे.'

तात्यांनी ती दोनदा वाचली. अक्षर स्वच्छ होते.

"सुंदराबाई," ते दारातून म्हणाले, "आमच्याकडे दरवर्षी वाल व्हायचे ना?"

सुंदराबाईने बाबुरावाकडे पाहिले. बाबुराव आभाळाकडे बघू लागला.

"माझ्या वेलाचे न्यायची ती," सुंदराबाई म्हणाली. "टोपलीभर. तुम्हाला आवडतात म्हणून. सांगू नका म्हणाली होती."

"किती वर्षं?"

"नऊ."

तात्यांनी मान हलवली. मग सगळ्या पुरचुंड्या दोन्ही हातांत कवळल्या आणि बाहेर आले. अंगणात चटईची जागा पॅनेलने अडवली होती. तात्यांनी क्षणभर पाहिले, मागचे दोन दगड काढले आणि पॅनेल जमिनीवर आडवे केले. काच चांगली तापली होती. त्यांनी आधी घोसाळी पसरली, मग दुधी. शेवटी वाल पसरले, एकेक दाणा वेगळा करून.

घोसाळीच्या पहिल्या मुठीलाच खोपीतला दिवा मंद झाला होता. वाल पसरून होईपर्यंत तो विझला.

"तात्या," बाबुराव म्हणाला, "दिवा गेला."

"जाऊ दे," तात्या म्हणाले. "दार उघडं आहे."

तात्पर्य: मुलांनो, जे काम कडी काढून होते ते कधीही लगेच कडी काढून करू नये. आधी एखादे शास्त्र शिकावे. छत्तीस चकत्या जोडाव्यात आणि त्याहून जास्त आपल्याच पाठीने फोडाव्यात. तेवढ्या वेळात हात कडीपर्यंत पोचतो. उपकरण नाही चालले तरी चालते. त्या वर्षी जंगलात कुणाला पडवळ मिळत नाही, पण शेजारी ते बोलून दाखवत नाहीत. हा बोध फक्त शिकलेल्यांसाठी आहे. बाकीच्यांनी बियांना वेळेवर ऊन दाखवावे.