डिकीतली पाठराखीण

नाथाजीरावांनी सरळ ‘गाडी देत नाही’ म्हटलं असतं, तर भावकीत चार दिवस तोंडं वाकडी झाली असती आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण उभी हयात सरकारी कचेरीत काढलेला माणूस सरळ नाही म्हणेल कसा? त्यांनी कचेरीच्या पद्धतीनं नाही म्हटलं. म्हणजे, कारण दाखवून.

“गाडी काय, तुमचीच आहे आप्पासो,” ते म्हणाले. “पण पेट्रोलच नाही ना!”

आप्पासो म्हणजे त्यांचे चुलतभाऊ. त्यांच्या बनूचं लग्न ठरलं होतं आणि नवरा साताऱ्याचा, मिलिटरीतला होता. आप्पासोंनी तंबाखूचा बार भरला आणि शांतपणे म्हणाले, “पेट्रोल कशाला लागतंय, दादा? वरात हाय ही, शर्यत न्हवं. वाजंत्री म्होरं चालणार पावलापावलानं. चार गडी मागनं ढकलतील. येशीपतोर गेलं की झालं. तितनं वऱ्हाडाची मोटर हाईच.”

वरातीला पेट्रोल लागत नाही, ही गोष्ट नाथाजीरावांच्या ध्यानातच आली नव्हती.

पेट्रोल होतं, हे खरं दुखणं होतं. टाकी काठोकाठ भरली होती.

ही गाडी म्हणजे एकोणतीस सालची फोर्ड कूपे. नाथाजीराव साताऱ्याला बांधकामाच्या कचेरीत कारकून होते, तेव्हा तिथल्या गोऱ्या साहेबानं ती घेतली होती. साहेबाला गाडीतून खाली उतरायचा कंटाळा. नाथाजीराव फायली घेऊन फाटकापाशी जायचे, साहेब खिडकीतून हात काढून मडगार्डावर ठेवलेल्या कागदावर सही करायचा, आणि शाई वाळेपर्यंत नाथाजीराव मडगार्डाला टेकून उभे राहायचे. (साताऱ्यात त्या काळी शाई फार सावकाश वाळत असे.) पुढं किती मोठ्या, किती चकचकीत मोटारी आल्या आणि गेल्या, या माणसानं मान वर करून पाहिलं नाही. पेन्शनीत निघाल्यावर मिरजेच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून त्यांनी तसलीच, त्याच सालची, त्याच हिरव्या रंगाची कूपे मिळवली, तेव्हा त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. स्वतःच्या लग्नात ते इतके हळवे झाले नव्हते, असं त्यांच्या पत्नी अंबूबाई सांगतात.

कूपेला पुढं जागा दोघांपुरतीच. पाठीमागचं झाकण वर उचललं की आत आणखी एक बैठक, तिला म्हणायचं डिकी. तिच्यावर छप्पर नाही. मडगार्डावरच्या पायरीवर पाय देऊन वर चढायचं आणि ऊन, वारा, धुरळा खात बसायचं. पण नाथाजीरावांना डिकीशी कर्तव्यच नव्हतं. त्यांना फक्त पुढच्या दोन जागा हव्या होत्या. “पेन्शनीत निघालो की तुला शेजारी बसवून साताऱ्याला नेतो, कचेरीच्या फाटकासमोर हॉर्न वाजवतो,” असं ते अंबूबाईंना इतकी वर्षं सांगत आले होते की अंबूबाईंनी ऐकायचं सोडून दिलं होतं.

गाडी आली, पण पेट्रोल येईना. लढाई संपली तरी पेट्रोल रेशनवरच मिळत होतं. मग नाथाजीराव रोज संध्याकाळी गोठ्याशेजारच्या छपरात गाडीत जाऊन बसत, गिअर टाकत, चाक फिरवत. एकदा तर अंबूबाईंना शेजारी बसवून ते मनातल्या मनात साताऱ्याला निघालेसुद्धा. दूध उतू जाईल म्हणून अंबूबाई मध्येच कऱ्हाडला उतरल्या.

अशात मेढ्याला दिलेल्या लेकीला मुलगा झाला. पहिला नातू! नाथाजीरावांनी रेशनचं थेंबन् थेंब पेट्रोल टाकीत साठवलं आणि ठरवून टाकलं: बारशाला जायचं ते कूपेतून, साताऱ्यावरून, अंबूबाई शेजारी, चाक आपल्या हातात. यासाठी ते गाडी चालवायलाही शिकले होते. (खळ्यात. उजवीकडं वळताना थोडी अडचण येई, पण मेढ्याचा रस्ता पुष्कळसा सरळ असावा अशी त्यांची समजूत होती.)

आता भावकीचं दुर्दैव म्हणा की नाथाजीरावांचं, बनूचं लग्न नेमकं बारशाच्या आदल्या दिवशी आलं. टाकीतलं पेट्रोल दाखवणारा काटा चालकाच्या नाकासमोरच असतो, तो उघडा पडला तर खोटं उघडं पडणार. म्हणून नाथाजीरावांनी खळ लावून त्याच्यावर गणपतीचं चित्र चिकटवलं.

लग्न लागलं, जेवणावळी उठल्या, वरात निघायची वेळ झाली. कूपे झेंडूच्या माळांत बुडाली होती. पुढं नवरानवरी बसणार आणि डिकीत पाठराखीण. मुलगी पहिल्यांदा सासरी निघाली की सोबतीला माहेरची एक पोक्त बाई धाडतात, ती पाठराखीण. हा मान बनूच्या आत्याचा, भामाबाईंचा. भामाबाईंनी डिकीकडं पाहिलं, मडगार्डाकडं पाहिलं.

“ह्या हौदात बसू व्हय मी? लुगडं खोचून मडगार्डावर चढू आन् गावाला तमाशा दावू?”

त्या तरातरा जाऊन वऱ्हाडाच्या मोटारीत बसल्या. डिकी रिकामी राहिली. रिकाम्या डिकीत गावातली पोरं चढून बसतील या भीतीनं नाथाजीराव स्वतःच वर चढले. फेटा नीट केला. वेशीपर्यंतचा तर प्रश्न होता. कुणीतरी त्यांच्या मांडीवर बनूची ट्रंक ठेवली आणि ट्रंकेवर बुंदीच्या लाडवांची पाटी.

नवरदेवाचं नाव मानसिंग. तो मिलिटरीत आहे एवढंच नाथाजीरावांना ठाऊक होतं. मिलिटरीत तो काय करतो, हे विचारायचं राहून गेलं होतं. मानसिंग मोटार-ड्रायव्हर होता. ब्रह्मदेशाच्या चिखलातून ट्रक काढून आलेला हा गडी चाकासमोर बसला, समोर गणपती दिसला म्हणून भक्तीनं वाकला आणि त्यानं चित्राला हात लावून तो कपाळाला लावला. त्या हाताबरोबर गणपतीही आला. खळ वाळली होती. मागं काटा होता. काटा ‘फुल’वर होता.

मानसिंगनं गणपती अदबीनं खिशात ठेवला. शिस्तीचा माणूस.

वाजंत्री वाजू लागली, गडी ढकलू लागले, बायका ओवाळू लागल्या. वेशीपाशी रस्त्याला उतार आहे. तिथं गाडी आपसूक पळायला लागली, तसे गड्यांनी हात सोडले, आणि त्याच क्षणी गाडीच्या पोटात गुरगुर झाली. नाथाजीरावांनी तो आवाज ओळखला: इंजिन सुरू झालं होतं. बघता बघता वाजंत्री मागं पडली, वऱ्हाड मागं पडलं. धुरळ्यातून अंबूबाई पदर खोचून पळत येताना दिसल्या.

“आवं, उद्या बारसं हाय! कुटं निघालासा?”

हाच प्रश्न नाथाजीरावांनाही पडला होता.

त्यांनी नवरानवरीच्या पाठीमागच्या काचेवर टकटक केली. बनूनं मागं वळून न बघताच लाजून पडदा ओढून घेतला. त्यांनी जोरात ठोकलं. गाडी जोरात पळू लागली. त्यांनी मुठीनं ठोकलं. गाडी आणखी पळाली. सांगलीच्या पुलावर त्यांचा फेटा कृष्णामाईला अर्पण झाला. इस्लामपूरच्या पुढं बुंदीच्या लाडवांनी एकेक करून पाटी सोडली. इतकी वर्षं ज्या गाडीसाठी जीव टाकला, तिच्यातून आपण पहिल्यांदाच लांबच्या प्रवासाला निघालो आहोत, आणि आपल्याला दिसतंय काय, तर समोर ओढलेला पडदा! नाथाजीरावांना खरोखर रडू आलं. धुरळ्यामुळं ते चेहऱ्यावर नीट दिसलंही नाही.

कऱ्हाडला पाणी भरायला गाडी थांबली. मानसिंग खाली उतरला आणि डिकीकडं बघून दचकला.

“मामा? तुमी हितं?”

“मग काय करू? ठोकून ठोकून हाताची सालटी निघाली माझ्या!”

“मला वाटलं आत्याबाई हायत. म्हणलं, म्हातारीला लय घाई झालीया, म्हणून जरा दाबली.”

“फिरवा गाडी! आत्ताच्या आत्ता माघारी फिरवा!”

“फिरवतो की,” मानसिंग अदबीनं म्हणाला. “पर माघारी जाण्यापरास सातारा जवळ हाय. आन् मामा, पेट्रोल न्हाई असं मांडवात तुमीच सांगत हुता न्हवं? मी म्हणलं, गणपतीनंच दिलं आसंल. देवानं दिल्यालं माघारी कसं फिरवायचं?”

नाथाजीरावांनी ट्रंक मांडीवर नीट धरली. खोटं पकडलं गेलेल्या माणसाला डिकीतच जागा असते.

दिवस कलला तेव्हा साताऱ्यात शिरले. आणि पुढं आलं ते कचेरीचं फाटक. तेच फाटक, आणि कचेरी सुटायची वेळ. कारकून छत्र्या घेऊन बाहेर पडत होते. मानसिंगनं हॉर्न वाजवला. सगळ्यांनी पाहिलं. नाथाजीरावांच्या खुर्चीवर आता बसणारे हेडक्लार्क पुढं आले.

“अरे, नाथाजीराव! कूपे घेतलीत शेवटी? वा! पण मालक मागं कसे?”

“मागं हवा चांगली लागते,” नाथाजीराव म्हणाले. त्यांच्या मिशीत मुरूम होता, डोकं बोडकं होतं आणि मांडीवर नवरीची ट्रंक होती.

मानसिंगच्या घरी त्याच्या आई शालूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, “पाठराखीण कुटं हाय?”

मानसिंगनं डिकीकडं बोट दाखवलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. शालूबाई मात्र हसल्या नाहीत. रीतीच्या बाबतीत त्या हसत नसत. “जी आली ती पाठराखीण,” त्या म्हणाल्या. “पाय धुवायला पाणी आना.”

त्या संध्याकाळी नाथाजीराव बायकांच्या पंगतीत जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाडाची मोटार आली. ती कोळशावर चालणारी होती, त्यामुळं आतून उतरलेलं माणूस कोणतं हे तोंड धुतल्यावरच कळत होतं. धुतल्यावर एक अंबूबाई निघाल्या. भामाबाई काही निघाल्या नाहीत. ‘पाठराखीण गेलीच हाय की, मी कशाला?’ म्हणून त्या गावातच उतरून घरी गेल्या होत्या.

अंबूबाई रागानं बोलतील म्हणून नाथाजीराव तयारीत होते. पण त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, बाळंतविडा काखेत धरला आणि थेट कूपेत पुढच्या जागेवर जाऊन बसल्या.

“चला आता. दुपारच्याला बारसं हाय.”

नाथाजीरावांचा विश्वासच बसेना. काटा अजून थोडा वर होता. रस्ता समोर होता. अंबूबाई शेजारी होत्या. ते चाकासमोर बसले, त्यांनी हात पुसले आणि किल्ली फिरवली.

“तात्या!”

चुलत्याला तात्या म्हणणारी बनू दारात उभी होती. डोळे सुजलेले. “तात्या, तुमी चाललासा? मग माज्याजवळ कोण?”

तिच्या मागं शालूबाई आल्या. “पोरीनं कालपासनं घास गिळल्याला न्हाई. दिवं लागणीला पूजा हाय. तवर नव्या सुनंनं उंबरा वलांडायचा न्हाई आन् पाठराखणीनं घर सोडायचं न्हाई. आमच्यात रीत हाय.”

नाथाजीरावांनी अंबूबाईंकडं पाहिलं. अंबूबाईंनी बनूकडं पाहिलं, आणि त्यांचा आवाज जरा मऊ झाला. “आवं, आजीबिगर पाळणा हलायचा न्हाई. आजोबाचं काय अडलंय तिथं? उतरा तुमी. पोर जेवंल तरी.”

“पण गाडी…”

“मी हाय की मामा,” मानसिंग म्हणाला. “पूजेच्या आत माघारी येतो.”

नाथाजीराव उतरले. कुणी ओढून काढलं नव्हतं, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट. बनूचा तो चेहरा बघून त्यांना चाकाला धरून बसवेनाच. कूपे मेढ्याच्या दिशेनं गेली. किती सुरेख चालते, हे त्यांना पहिल्यांदाच बाहेरून नीट दिसलं. मग ते आत गेले, बनूसमोर बसले, भाकरी मोडून तिच्या ताटात ठेवली. ती जेवली. त्यांना काही जेवण गेलं नाही.

पूजेच्या आत कूपे आली. काटा तळाला टेकला होता. “मेढ्याकडं चढ लय हाय, मामा,” मानसिंग म्हणाला. म्हणजे पुढचं रेशन मिळेपर्यंत गाडी साताऱ्यात राहणार आणि मालक कोळशाच्या मोटारीनं घरी जाणार.

निघताना शालूबाईंनी पाठराखणीचा मान दिला. नारळ दिला, वर हिरवंगार इरकली लुगडं दिलं. कपाळाला कुंकूही लावलं.

मोटारीत धूर कोंडला होता. अंबूबाई मात्र खिडकीशी बसून सगळ्या वाटेनं सांगत होत्या: नातू कसा गोरापान आहे, कूपे दारात थांबली तेव्हा मेढ्याची माणसं कशी गोळा झाली, व्याह्यांनी मोटारीचं दार कसं स्वतः उघडलं. “आन् झाडं अशी सर्रसर्र पळत्यात बगा म्होरं बसलं की!”

शेवटी, काहीतरी द्यावं आणि हे बोलणं थांबावं म्हणून, नाथाजीरावांनी मांडीवरचं लुगडं हळूच त्यांच्याकडं सरकवलं. “घे. तुला शोभेल.”

अंबूबाईंनी काठ चाचपून पाहिला, पोत पाहिला, आणि लुगडं घडी करून पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“मला नगं. पाठराखणीचा मान दुसऱ्या बाईनं नेसायचा नसतो,” त्या म्हणाल्या. “तुमीच नेसा.”